चरबी उतरवल्याचा जबाब

ती केस मी विसरलो नाही आणि विसरावी असं मला वाटतही नाही. बाकीच्या केसेसमध्ये मी काय केलं ते लोक सांगतात. या केसमध्ये मी काय चुकलो ते मला स्वतःलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

माझं शिक्षण सातवी. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मधे जे काही आलं ते काम करून आलं, पुस्तकातून नाही. त्याची मला लाज नाही. परवा घरात विषय निघाला. सुनेच्या एका मैत्रिणीला पोटाची चरबी नळीने ओढून काढायची आहे. लायपोसक्शन म्हणतात त्याला. सून म्हणाली, "बाबा, हे सेफ असतं का हो?" आणि लगेच म्हणाली, "जाऊ दे, तुम्हाला काय माहीत असणार त्यातलं." मला माहीत आहे. चांगलंच माहीत आहे. म्हणून लिहायला बसलो. नाव कुणाचंच लिहिणार नाही. त्या घरातली मुलं आज मोठी झाली आहेत.

गिरणी संपाला तेव्हा दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. लालबाग-परळच्या चाळींतून संप तोंडाने संपला होता, घरातून संपला नव्हता. साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेले कारागीर वॉचमनचा डगला घालून दुसऱ्यांच्या बिल्डिंगा राखत होते आणि घरं बायका चालवत होत्या.

सकाळी नऊच्या सुमाराला हॉस्पिटलच्या चौकीतून फोन आला. अडतीस वर्षांची बाई, लालबागच्या चाळीत राहणारी, पोटापासून मांड्यांपर्यंत काळीनिळी, अंगात सणसणून ताप. पोलीस केस नोंदवली होती. मी एक महिला शिपाई बरोबर घेतली आणि गेलो.

बाईला शेजारणीने आणलं होतं. शेजारीण मालवणची, बोलायला फटकळ. मी विचारलं, "नवरा-बायकोचं कसं काय?"

"कसा म्हणजे? भांडणा रोजचीच. तीन दिसांआदी तर ह्या मोठ्या आवाजात झाला. माका काय, मी भाकरी भाजी होतंय. पण सगळ्या चाळीन ऐकला."

"कशावरून?"

"ती बहिणीकडे जातंय म्हणाली, तो म्हणता कित्याक जातंस. दोन दिवसांनी काल येऊन पडली ती अशी."

पोलिसाच्या डोक्यात इथेच अर्धी केस तयार होते. माझ्याही झाली. चादर बाजूला करून पाहिलं तर सगळं ओटीपोट, कमर, मांडीचा वरचा भाग जांभळा. बाईला बोलताना धाप लागत होती. मी विचारलं, "बाई, कुणी मारलं?"

ती म्हणाली, "मारलं नाही."

"मग हे काय आहे?"

तिने डोळे मिटले, आणि बारीक आवाजात म्हणाली, "त्यांनी चरबी उतरवली."

त्यापुढे ताप डोक्यात गेल्यासारखी काहीबाही बडबडू लागली.

आता बघा. आपल्याकडे त्या काळातली बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. 'हे' म्हणेल, नाहीतर 'त्यांनी' म्हणेल. 'त्यांनी' म्हणजे नवरा. आणि 'चरबी उतरवतो तुझी' हे वाक्य मी पोलीस स्टेशनात दिवसातून चार वेळा ऐकत होतो. दोन वेळा तर माझ्याच तोंडून. राहिलं 'मारलं नाही'. ते प्रत्येक बायको म्हणते. हात मोडलेला असतो, तरी म्हणते मोरीत पडले. म्हणून ते मी लिहिलंच नाही. मी लिहिलं: 'पतीने तुझी चरबी उतरवतो असे म्हणून हाताबुक्क्यांनी व लाथांनी मारहाण केली.'

महिला शिपाई नवीन होती, पण डोळ्याने तेज. बाहेर आल्यावर म्हणाली, "साहेब, मार असा दोन्हीकडे सारखा बसतो का? डावी-उजवी एकदम मापात आहे."

मी म्हणालो, "तुझी सर्व्हिस किती झाली?"

"आठ महिने, साहेब."

"माझी बावीस वर्षं. चल."

हे मी बोललो. जे घडलं तेच लिहितो.

चाळीत गेलो तेव्हा नवरा ड्यूटीवरून येऊन गॅलरीत तोंड धूत होता. वरळीच्या एका बिल्डिंगचा वॉचमन. उंच, हाडापेराचा, पूर्वीचा साचेवाला. बायकोला हॉस्पिटलात नेलंय हे त्याला तोवर कुणी सांगितलेलंही नव्हतं. मी त्याचा दंड धरला आणि तसाच सगळ्या गॅलरीतून, बायकापोरांच्या समोरून, ओल्या तोंडाने खाली आणला. खोलीचा पंचनामा केला. खाटेखाली एक रुंद घट्ट इलॅस्टिकचा पट्टा मिळाला, त्यावर वाळलेले पिवळट डाग. कंबरदुखीचा असेल म्हणून सोडून दिला.

स्टेशनात आणून बसवला.

"कशाने मारलंस?"

"मारलं नाही."

"बायको सांगते चरबी उतरवली."

"मग मला पण सांगा कुणी उतरवली. मी त्याची उतरवतो."

मी दोन कानाखाली दिल्या. तो हलला नाही. म्हणाला, "संपात तुमच्या लाठ्या खाल्ल्यात मी. तेव्हा खोटं बोललो नाही, आता कशाला बोलू? भांडलो, हे खरं. मी म्हटलं सणवार नाही, काही नाही, बहिणीकडे दोन दिवस काय ठेवलंय. बोललो. हात लावला नाही. ती कशी आहे ते सांगा आधी."

"ते तू सांगायचं."

"साहेब, ती कशी आहे?"

तीन तास त्याने दुसरं काही विचारलं नाही. गुन्हेगार स्वतःबद्दल विचारतो: मला काय होईल, वकील मिळेल का, घरी कळवलं का. हा एकच प्रश्न विचारत होता. हे मी बघितलं होतं, मला समजलंही होतं. पण एकदा जबाब लिहिला की तो खरा करायच्या मागे माणूस लागतो. चारशे अठ्ठ्याण्णव अ, म्हणजे बायकोचा छळ, आणि गंभीर दुखापत, अशी दोन कलमं मी मनात लावूनही टाकली होती. बाई गेली तर खुनाचंच लागणार होतं.

दुपारी एकला हॉस्पिटलातून परत बोलावणं आलं. एक सर्जन बाई होत्या, चाळिशीच्या, फार शांत. म्हणाल्या, "हवालदार, इकडे या."

"सहायक फौजदार," मी म्हणालो.

"बरं, सहायक फौजदार. हे बघा." त्यांनी बेंबीच्या खाली दोन आणि कमरेच्या दोन बाजूंना दोन, अशा चार बारीक जखमा दाखवल्या. शर्टाच्या काजाएवढ्या. प्रत्येकीला एक-एक टाका. "मारहाणीत टाके कोण घालतं?"

मी वाकून टाके मोजले.

"ही शुद्धीवर असताना तुमच्याशी काय बोलली?"

मी खिशातून कागद काढून वाचला. त्या म्हणाल्या, "थांबा. तिने 'उतरवतो' म्हटलं की 'उतरवली'?"

"उतरवली," मी म्हणालो. "त्यांनी चरबी उतरवली."

"मग तिने तुम्हाला खरं तेच सांगितलं होतं. कुणीतरी हिची चरबी नळीने ओढून काढलीय. असं केल्यावर एवढं काळंनिळं होतंच, ते मुका मार म्हणून चालून गेलं. पण ताप आणि हे बघा, कातडीचा रंग इथे बदलतोय. आत जंतू शिरलेत. किती खोल, कुठवर, ते मला बाहेरून दिसत नाही. कुणी केलं, कधी केलं, कशाने धुतलं, आत काय भरलं, हे मला कळायला हवं. मी ऑपरेशनची तयारी करते. तुम्ही तास-दोन तासात आणा. उद्या आणलंत तर उपयोग नाही."

सकाळी मी 'म्हणजे काय झालं बाई?' एवढा एक प्रश्न विचारला असता तर चार तास वाचले असते.

स्टेशनात आलो. लॉकअपसमोर उभा राहून नवऱ्याला म्हणालो, "मेहुणीचा पत्ता दे. तुझ्या बायकोच्या जिवाचा प्रश्न आहे." त्याने एका दमात सांगितला. गिरगाव, कुठली गल्ली, कितवा जिना, सगळं. मी सकाळी विचारलं असतं तर सकाळी सांगितला असता.

बहीण दारातच रडायला लागली. "ताईने शप्पथ घातली होती हो. भावोजींना कळू द्यायचं नाही."

"कशासाठी केलं हे?"

मग कळलं. बाई दादरला साडीच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकापुढे साडी उलगडून स्वतःच्या अंगावर लावून दाखवायची, निऱ्या धरायच्या, पदर खांद्यावर टाकायचा. अंगावर साडी शोभली की ती विकली जाते. सात वर्षं तीच पुढे उभी राहायची. मग दोन कोवळ्या मुली ठेवल्या, आणि शेठ म्हणाला, "ताई, साडी आता तुमच्यावर बसत नाही. तुम्ही मागे बसा, फॉल लावायला." पगार अर्धा. घरात नवऱ्याचा वॉचमनचा पगार, तोही कधी मिळे, कधी नाही. दुसऱ्याच दिवशी रस्त्यात कुणी हातात पत्रक दिलं. बहिणीने ते डब्यातून काढून मला दिलं. त्यावर मोठ्या अक्षरात होतं: 'एका दिवसात पोटाची चरबी उतरवा. फक्त स्त्रियांसाठी.'

बाईने पत्रकातला शब्द मला जसाच्या तसा सांगितला होता.

जागा तिथून पाच मिनिटांवर. दोन पंच, महिला शिपाई आणि मी, पहिल्या मजल्यावर चढलो. बाहेर बाकावर दोन बायका बसलेल्या. त्यातली एक म्हणाली, "ओ पोलीस, लाइनीत या. माझा नंबर आहे."

"बाई, तुम्ही घरी जा. देवाने तुमचा नंबर आज चुकवला."

आत पांढरा कोट घातलेला पन्नाशीचा माणूस. भिंतीवर काचेत कसलंसं मालीशच्या कोर्सचं सर्टिफिकेट. कोपऱ्यात एक पंप, त्याला रबरी नळी, दोन काचेच्या बरण्या आणि ट्रेमध्ये लांब पोकळ धातूच्या नळ्या, टोकाला बोथट, बाजूला भोकं. म्हणाला, "मी फक्त मालीश करतो."

ओरडलो असतो तर त्याने वकील मागितला असता आणि तास गेला असता. सकाळी एकदा हात उचलून मी बघितलं होतं त्याचं काय झालं ते. मी स्टूल ओढून बसलो. म्हणालो, "डॉक्टर, मी सातवी पास माणूस. मला हे मशीन कळत नाही. पंचनाम्यात काय लिहू? चुकीचं लिहिलं तर तुमचंच नुकसान. जरा समजावून सांगा."

बघून बघून शिकलेल्या माणसाला आपलं काम दाखवायची फार हौस असते. मला माहीत आहे, कारण मी त्याच जातीचा. तो आधी अडखळला, मग खुलला.

"आधी मिठाच्या पाण्यात भुलीचं औषध मिसळायचं. त्यातच रक्ताच्या नसा आवळणारं औषध. ते पाणी कातडीखाली चांगलं फुगेपर्यंत भरायचं, म्हणजे दुखत नाही, रक्त कमी जातं, आणि चरबी मऊ होते. मग बारीक छेद घ्यायचा. नळी आत घालायची आणि पुढे-मागे, पुढे-मागे, पंख्याच्या पात्यासारखी फिरवायची. नळीने चरबी सुटते आणि पंप ती ओढून बरणीत आणतो. मग टाका, आणि वरून घट्ट पट्टा."

खाटेखालचा पट्टा माझ्या डोळ्यासमोर आला.

"एवढं कुठे शिकलात?"

"एका मोठ्या सर्जनच्या नर्सिंग होमला नऊ वर्षं थिएटरात होतो. सामान मीच लावायचो. शेकडो बघितल्या. हात बसला."

"मंगळवारी लालबागची बाई आली होती. तिच्या आधी कुणी होतं?"

"होती एक."

"मधे नळ्या उकळल्या?"

तो थांबला. मी पेन खाली ठेवलं. "मित्रा, ती बाई हॉस्पिटलात मरायला टेकलीय. जगली तर तुझं कलम वेगळं, गेली तर वेगळं. मी तुझ्या फायद्याचं विचारतोय."

"नळाखाली धुतल्या," तो म्हणाला. "लाइट गेले होते. स्टरिलायझर बंद."

"आणि आतलं पाणी?"

ट्रेमधल्या नळ्यांकडे बघत म्हणाला, "सलाईनच्या बाटल्या कमी पडल्या. स्वयंपाकघरात मीठ घालून पाणी केलं. उकळलं होतं. थोडं."

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, तुम्ही तरी कुठल्या कॉलेजात शिकलात पोलिसी? बघूनच ना?"

मी त्याच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि सर्जन बाईंना शब्दन् शब्द वाचून दाखवला. या वेळी एक अक्षरही स्वतःचं घातलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "कळलं. घेते आत."

त्या संध्याकाळी त्यांनी नळी जिथे जिथे फिरली होती तिथे उघडून सडलेलं सगळं काढलं. मग आणखी दोनदा उघडावं लागलं. मांडीची कातडी काढून पोटावर बसवावी लागली. बाई वाचली.

आठ दिवसांनी मी सर्जन बाईंना गाठलं आणि विचारलं, "मला शाळेतल्या मुलाला सांगतात तसं सांगा. ही गोष्ट मुळातच वाईट आहे का?"

त्यांनी जे सांगितलं ते सुनेसाठी आणि तुमच्यासाठी लिहितो. मुळात वाईट नाही. शिकलेल्या प्लास्टिक सर्जनने, चांगल्या थिएटरात, भूलतज्ज्ञ बाजूला उभा असताना, निरोगी माणसावर केली तर बहुतेकांचं नीट पार पडतं. पण ते ऑपरेशन आहे, केस कापणं नाही. आधी रक्त, साखर, दाब, हृदय तपासतात. कुठली औषधं चालू आहेत ते विचारतात. एका वेळी किती काढायची याला मर्यादा आहे. हावरटपणाने जास्त ओढली तर अंगातल्या पाण्या-रक्ताचा तोल जातो. भुलीचं औषध जास्त झालं तर हृदयावर येतं. रक्ताची गुठळी किंवा चरबीचा कण फुप्फुसात जाऊ शकतो, चुकलेला हात आतड्याला भोक पाडू शकतो, आणि जंतू शिरले तर काय होतं ते मी पाहिलंच होतं. चांगल्या हातातही यातलं क्वचित काही होतं, पण तिथे ते लवकर ओळखतात.

"आणि एक," त्या म्हणाल्या, "हा बारीक होण्याचा उपाय नाही. फक्त कातडीखालची चरबी निघते, पोटाच्या आतली नाही. सैल कातडी सैलच राहते. सूज उतरायला महिने लागतात. नंतर खाण्यावर ताबा नसेल तर वजन परत येतं. त्या बाईला हे कुणी सांगितलं असतं तर ती गेलीच नसती. तिला आठवड्याने काउंटरवर उभं राहायचं होतं. ते चांगल्या डॉक्टरकडेही जमलं नसतं."

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सोडला होता आणि स्वतः हॉस्पिटलात नेला होता. बायको शुद्धीवर आली तेव्हा मी दाराशी होतो. तो म्हणाला, "मला विचारायचं तरी."

ती म्हणाली, "तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालोच असतो."

"म्हणूनच नाही विचारलं."

त्याने तिच्या पायावरची चादर नीट केली.

बाहेर आल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. आयुष्यात मी कुणाला तसं बोललो नव्हतो. म्हणालो, "माझं चुकलं."

तो म्हणाला, "इथे नको, साहेब. मला गॅलरीतून नेलंत ना? मग गॅलरीतच सांगा."

मला राग आला. हा कोण मला सांगणार? स्टेशनात मोठ्या साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "काही गरज नाही. जबाब दुरुस्त केलास, माणूस सोडलास, विषय संपला." चार दिवस मी गेलो नाही. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, बायका नळावर आणि पुरुष घरात असताना, युनिफॉर्म घालून चाळीत गेलो. गॅलरीच्या मधोमध उभा राहून म्हणालो, "या माणसाने बायकोला हात लावला नव्हता. मी चुकीचं लिहिलं आणि चुकीचा माणूस धरला. सगळ्यांनी ऐका." त्याने आतून खुर्ची आणून ठेवली. मी बसलो.

त्या भोंदूला शिक्षा झाली, पण कोर्टात वर्षं गेली. बाईने साडीचं दुकान सोडलं. पुढे तिने घरीच फॉल-पिकोचं काम सुरू केलं असं ऐकलं.

या केसनंतर माझी दहा-अकरा वर्षं नोकरी राहिली. शेकडो बायकांचे जबाब लिहिले. 'मारलं नाही' असं म्हणणाऱ्या बहुतेक खोटंच बोलत होत्या, आणि ते मला कळत होतं. तरी आधी मी 'मारलं नाही' असंच लिहिलं, तिच्याच शब्दात, आणि खाली तिला वाचून दाखवलं. शंका त्यानंतर घेतली. हाताखालच्या पोरांना यात वेळ जातो असं वाटायचं. जातो. वेळ घालवायचाच असतो तो.